चाकं फिरवत बसणाऱ्या मुलासोबत फ्लोअरटाइम

निशिगंध: ऑटिझमचं निदान झालेला साडेतीन वर्षांचा मुलगा गाडी उलटी करून चाकं फिरवतो. शेजारी बसलं की पाठ फिरवतो. घरी फ्लोअरटाइम (जमिनीवर बसून मुलाच्या कलानं खेळत संवाद वाढवण्याची पद्धत) कसा सुरू करायचा?

पाऊलवाट: टीव्ही बंद, खेळणी दोन-तीनच. जमिनीवर त्याच्या समोर, जरा अंतर ठेवून बसा. आधी नुसतं बघा. मग दुसऱ्या गाडीचं चाक तुम्हीही फिरवा. त्यानं पाहिलं की थांबा, मनात दहा मोजा. त्यानं आवाज काढला किंवा तुमचं बोट ढकललं, तरी तो संवादच. लगेच प्रतिसाद द्या. फ्लोअरटाइम मांडणारे बालमानसोपचारतज्ज्ञ ग्रीनस्पॅन याला संवादाचं वर्तुळ म्हणत. एका वेळी २० मिनिटं, दिवसातून काही वेळा.

कडुनिंब: बिघडतं ते प्रश्नांच्या भडिमारानं. ‘रंग कोणता? चाकं किती?’ म्हणजे तोंडी परीक्षा! ‘फिरलं... थांबलं!’ एवढंच बोला. ‘माझ्याकडे बघ’ म्हणत हनुवटी तर अजिबात धरू नका.

पाऊलवाट: पाठ फिरवली तर वीतभर मागे सरका. रुळला की हसत चाकावर बोट टेकवा; चिडला तर लगेच काढा. चाक हिसकावू नका.

निशिगंध: स्पीच थेरपी थांबवायची का?

कडुनिंब: नाही, दोन्ही चालू ठेवा. श्रवणचाचणी राहिली असेल तर ती आधी.