गाडी गप्प आहे म्हणजे टॅपेट ठीक?

घाटवळण:
काल इथे एकाने विचारलं, ६० हजार चाललेली युनिकॉर्न १५० घेतोय, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह म्हणजे झडपा दाबणारा भाग; त्याच्या न् व्हॉल्व्हच्या मध्ये केसभर गॅप लागते) तपासून घेऊ का? उत्तर मिळालं, 'आवाज नाही ना? मग इंजिनाला हात लावू नका.' वर टाळ्या! अहो, सैल टॅपेट निदान बोंबलतो तरी. घट्ट झालेला गप्प बसून व्हॉल्व्ह खातो. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपते आणि तो पुरता बसतच नाही. एक्झॉस्ट म्हणजे धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. ती वाट बंद झाली की व्हॉल्व्हची कड जळते. गरम गाडी सिग्नलला बंद पडते, परत चालू होताना रडवते आणि लोक कार्बोरेटर धुऊन आणतात! युनिकॉर्नला गॅप लावायला स्क्रू-नट आहे, शिमची (मापाच्या चकत्यांची) भानगड नाही. इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (म्हणजे सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद), हातात फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी). एवढंच काम आहे. पैसे द्यायच्या आधी करा.

नाना_किकवाले:
तो सल्ला माझाच. विकणारा तुम्हाला कव्हर खोलू देणार? कुठल्या जगात राहता? भावाची चांगली गाडी एका गॅरेजात 'फक्त चेक' केली, दुसऱ्या दिवसापासून खडखड. गेज कुणाकडे असतो? दाढीचं पातं सारतात न् 'झालं साहेब' म्हणतात.

घाटवळण:
पातं ०.१ मिमीचं. १००-१५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत इनलेटला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) त्याहून कमी गॅप लागते. खडखडणारच. दोष तपासण्याचा की पात्याचा?

कास्टआयर्न_काका:
आमच्या जुन्या बुलेटला गेज कधी लागलाच नाही. टीडीसीवर पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. बास.

घाटवळण:
आली बुलेट! काका, तिथे तापल्यावर रॉडबरोबर बॅरलही (सिलिंडरही) वाढतं, गॅप मिटत नाही. म्हणून गार असताना शून्य चालतं. हा नियम युनिकॉर्नला लावाल तर व्हॉल्व्ह जाळाल.

कास्टआयर्न_काका:
आम्ही लडाख करून आलो, तुम्ही कीबोर्ड बडवा. आणि नंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटला तर ऑइलच्या दाबावर गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट, बघायचंच काम नाही.

चेनलूब:
ऑइल वेळेवर बदललं तर! नाहीतर तेही टकटकतात. एवढं भारी होतं, तर २०२० च्या मीटिऑरला बुलेटचीच कंपनी परत हाताने सेट करायच्या टॅपेटवर का आली?

कास्टआयर्न_काका:
खर्च वाचवायला. आजकालच्या बुलेटला बुलेट म्हणतच नाही आम्ही.

चेनलूब:
झालं. आता 'खरी बुलेट कुठली' यावर रात्र काढा.

नाना_किकवाले:
बरं बाबा, घट्ट टॅपेट आवाज करत नाही, हे मान्य. आरती ओवाळू का? पण गेजवाला मेकॅनिक मिळेपर्यंत माझा सल्ला कायम.

नवा_युनिकॉर्नवाला:
प्रश्न माझा होता, कुणाला आठवत असेल तर. विकणाऱ्याने कव्हर खोलू दिलं नाही. टॅपेटच्या नावाने दीड हजार कमी करून घेतले, गाडी घरी आणली. गेज कुठला घेऊ?