प्रति: खाडीच्या तोंडाशी पॉरपॉइज खरंच घटले का?

वरच्या पोस्टमध्ये बेलापूरहून निघालेल्या बोटींतल्या पॉरपॉइजच्या (डॉल्फिनसारखा छोटा सागरी सस्तन प्राणी) नोंदी मांडून "यंदा कमी दिसले, म्हणजे कमी झाले" असं म्हटलंय. मला हा निष्कर्ष पटत नाही. किती किलोमीटर पाहणी केली हे नोंदलं नसेल, तर दोन वर्षांची तुलनाच होत नाही.

त्यातून फिनलेस पॉरपॉइजला पाठीवर पर नसतो, तो सहसा उडी मारत नाही, पाठ क्षणभर दिसते आणि गेली. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की नोंदी कोसळतात, म्हणून ब्यूफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) २ च्या वर वारा असलेले तास हिशेबातून वेगळे काढा. भरती-ओहोटीची वेळही लिहा.

प्राणी दिसताच बोट वळवण्याआधी अंतर आणि कोन टिपा. २०० मीटरवर ३०° कोनात दिसला, तर बोटीच्या मार्गरेषेपासून लंब अंतर २०० × साइन ३०°, म्हणजे १०० मीटर. या अंतरांवरूनच घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती प्राणी, हे काढतात. कोन अंदाजे "समोरच" म्हणून ०° लिहायची सवय फार घातक. त्याने लंब अंतर शून्य होतं आणि घनता फुगते. उलट, बुडी मारलेले प्राणी सुटतात, त्याने ती घटते. कोनमापक फळी बोटीच्या नाळेवर पक्की बसवा.

पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा पाण्याखालचा ध्वनिमुद्रक उपयोगी. पण पॉरपॉइजचे क्लिक साधारण १३० किलोहर्ट्झच्या आसपास असतात. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं (सेकंदाला ९६ हजार नमुने घेणारं) यंत्र त्याच्या निम्म्या, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पकडत नाही.

पर नसल्याने पॉरपॉइज एकेकटे ओळखणं अवघड; हंपबॅक डॉल्फिनचं तसं नाही. त्याच्या पाठीवरच्या पराच्या कडेवरच्या खाचांचे फोटो वर्षानुवर्षं जुळवून एकेक प्राणी ओळखता येतो.