पहिली चेन सॉ : जुनी घ्यावी की नवी?

नमस्कार. मी सोलापुरात राहतो आणि मोहोळ तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू शेती आहे. बांधावर वेड्या बाभळी माजल्या आहेत आणि त्यात वळवाच्या वाऱ्याने दोन जुने कडुनिंब आडवे केले. वडिलांचा भरवसा अजूनही कुऱ्हाडीवरच आहे. यंत्र घेऊन लाकूड कापून देणारा माणूस मात्र चार वेळा कबूल करूनही आला नाही, म्हणून स्वतःचीच पेट्रोलवरची चेन सॉ घ्यावी असे ठरवले आहे. विजेवरचे यंत्र बांधापर्यंत वायर ओढून चालवणे शक्य नाही.

बाजारात '५८ सीसी' असे लिहिलेली, २२ इंची बारची (बार म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती पट्टी) बिननावाची नवी यंत्रे मला सहा-सात हजारांत सांगितली गेली. दुसरीकडे, ओळखीच्या एका वखारवाल्यांकडे स्टिल (Stihl) कंपनीची जुनी एमएस १८० चेन सॉ पडून आहे आणि ते तिचे नऊ हजार मागतात. ती ३१.८ सीसीचीच आहे, पण वजनाने साधारण चार किलो असल्यामुळे नवख्या हातांना तीच झेपेल असे मला वाटते. आमची खोडे फूट-सव्वा फूट जाडीची आहेत, त्यासाठी २२ इंची बार हवाच कशाला?

ती पाहायला गेलो तेव्हा यंत्र एका ओढीत सुरू झाले. परंतु हात लावल्यावर सायलेन्सर आधीच गरम असल्याचे कळले, आणि माझी शंका तिथूनच सुरू झाली. थंड इंजिन किती ओढीत सुरू होते, दोरीला धरून यंत्र उचलल्यास ते झटकन खाली घसरते की कॉम्प्रेशनमुळे (इंजिनातल्या दाबामुळे) सावकाश उतरते, सायलेन्सर काढून आत पाहिल्यास पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात का, बारच्या टोकाशी कागद धरल्यास त्यावर चेनच्या ऑइलचे शिंतोडे उडतात का आणि चेन झटकन थांबवणारा चेन ब्रेक लागतो का, एवढे तपासायचे मी ठरवले आहे. यात काही राहिले असल्यास कृपया सांगावे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आमचे काम वर्षाकाठी पंधरा-वीस दिवसांचे; उरलेले दिवस यंत्र कोपऱ्यात पडून राहणार. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे टाकीतली रबरी नळी आणि कार्ब्युरेटरचा पडदा खराब होतो असे ऐकतो, म्हणून काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, एवढे पुरते का? पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक ऑइल लिटरला २० मिली घालावे की ४० मिली, यावरही दोन दुकानदारांनी दोन उत्तरे दिली. शिवाय आमच्या बाभळींच्या खोडांत कुंपणाच्या जुन्या तारा मुरलेल्या आहेत. अशा ठिकाणी चेनचे दात गेल्यावर कानस मारून निभावते, की दर हंगामाला नवी चेन गृहीत धरावी?

सोलापूर, मोहोळ किंवा पंढरपूर भागात ज्यांनी जुने यंत्र घेऊन दोन-तीन वर्षे वापरले आहे, त्यांनी सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास कोठे होते तेही लिहावे. बिननावाच्या यंत्राचा बार किंवा क्लच गेल्यावर तो कोठून आणायचा, याचे उत्तर मला एकाही दुकानात मिळालेले नाही.

येत्या रविवारी मी पुन्हा वखारीत जाणार आहे. मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे या वेळी आधीच सांगून ठेवले आहे.