सोलो कनू गोल का फिरते?
"कयाक सरळ जाते, सोलो कनू मात्र गोल फिरते," असं नवशिके म्हणतात, ते अगदी खरं. कनू म्हणजे एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची उघडी होडी; सोलो म्हणजे एकट्याने चालवलेली. एकाच बाजूने वल्हवल्यावर टोक दुसरीकडे वळणारच. त्यावर उपाय जे-स्ट्रोक: वल्हं कमरेमागे आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातं होडीपासून हलकेच बाहेर ढकलायचं. कॅनडात, ओंटारिओच्या अल्गॉन्क्विन पार्कात हे हाताला बसायला मला दोन दिवस लागले.

वाऱ्यात कयाकच बरी; बसकण खाली, वल्ह्याला दोन पाती. कनूत समोरून वारा आला तर गुडघे टेका, सामान पुढे सरकवा, नाहीतर हलकं टोक भरकटतं. पण दोन तळ्यांमधली पायवाट आली, की कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि सरळ चालू पडायचं. माझी पसंती कनूलाच!