बैठकांनंतर मांड्या आंबल्या आहेत; उतारा काय करावा?

प्रश्न

नमस्कार. जवळजवळ दोन वर्षांच्या खंडानंतर मी परवा सकाळी व्यायामाला पुन्हा सुरुवात केली आणि उत्साहाच्या भरात खांद्यावर वजन घेऊन ६० बैठका मारल्या. त्या दिवशी काहीच जाणवले नाही. काल सकाळी मांड्या जड वाटू लागल्या आणि आज तर जिना उतरताना कठडा धरून, आडवे पाऊल टाकत एकेक पायरी उतरावी लागत आहे. खुर्चीवर बसताना शेवटचे वीतभर अंतर हात टेकवल्याशिवाय पार होत नाही. स्नायूंत साचलेले आम्ल निघून जावे म्हणून पाय चांगले ताणावेत, असे एका मित्राने सुचवले, तर दुसऱ्याने वेदनाशामक गोळी घेऊन उद्या पुन्हा तेवढ्याच बैठका मारण्यास सांगितले. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मला अशा वेळी कोमट पाण्याचा शेक आणि रात्रीची पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. तेवढ्याच बैठका उद्या लगेच मारू नयेत, एवढे मात्र नक्की सांगेन.

प्रतिसाद २

प्रथम आम्लाविषयी, कारण हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. व्यायामाच्या वेळी रक्तात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे ज्याला लोक साचलेले आम्ल म्हणतात ते, साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या ठणक्याचा दोष त्याच्यावर ठेवता येत नाही. हा ठणका येतो तो भार पेलत असताना स्नायू लांबवला गेल्यामुळे. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचे वजन सावरून धरतो, आणि त्याला त्याची सवय नसेल तर तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, पाठोपाठ दाह होतो आणि तेथील चेतातंतू हळवे होतात. जिना चढण्यापेक्षा उतरणे आपल्याला अधिक जड जात आहे, त्याचेही कारण हेच आहे. असे दुखणे १२ ते २४ तासांत सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते आणि बहुधा आठवड्याच्या आत आपोआप ओसरते. म्हणजे आपण सध्या त्याच्या सर्वांत वाईट टप्प्यात आहात.

ताण देण्याने या दुखण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसून आले आहे. आणि आंबलेला स्नायू जोर लावून ताणणे तर मी कटाक्षाने टाळेन. त्याऐवजी पंधरा-वीस मिनिटे सपाट रस्त्यावर संथ चालावे. पहिली काही पावले नकोशी वाटतील, मग पाय मोकळे होतील. हा आराम तात्पुरता असतो, पण दिवसातून दोन-तीनदा तो मिळवता येतो. हलक्या हाताने केलेल्या मालिशानेही बरे वाटते. थंड पाण्यात, म्हणजे १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात, १० ते १५ मिनिटे पाय बुडवून बसल्याने दुखणे काहीसे कमी होते. मात्र ज्यांना स्नायू वाढवायचे आहेत, त्यांनी प्रत्येक व्यायामानंतर हा उपाय करू नये, कारण त्याने वाढ मंदावू शकते.

गोळीविषयी मी आग्रहाने सांगतो. आयब्युप्रोफेनसारखे औषध शरीरातले पाणी कमी झालेले असताना घेतले तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि जठरालाही त्रास होतो, शिवाय वेदना दडपून पुन्हा भार टाकणे म्हणजे शरीराची सूचना न ऐकणे होय.

एक गोष्ट आज अवश्य तपासावी. लघवीचा रंग गडद तपकिरी असेल, मांड्या टणक होऊन सुजल्या असतील किंवा पायांतील बळच गेल्यासारखे वाटत असेल, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर विरघळत असण्याची शक्यता असते. त्यातून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून लगेच रुग्णालय गाठावे. तसेच सांध्यात तीक्ष्ण कळ येणे किंवा व्यायाम चालू असतानाच अचानक कळ उठणे हे आंबणे नसून दुखापत असते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. लघवीचा रंग नेहमीसारखा आहे, सूजही नाही. सकाळी चालून आलो आणि खरोखरच पाय मोकळे झाले. आता बैठका पुन्हा केव्हा सुरू कराव्यात?

प्रतिसाद २

मांडी दाबल्यावर दुखणे थांबले आणि जिना सरळ उतरता आला, की वजनाशिवाय १५-२० बैठका सावकाश माराव्यात. तोवर हात आणि पाठ यांचा व्यायाम चालू ठेवण्यास हरकत नाही. एकदा आंबलेला स्नायू पुढील काही आठवडे त्याच कामाने पूर्वीइतका दुखत नाही; म्हणून आता मोठा खंड पडू देऊ नये आणि संख्या दर आठवड्याला थोडी थोडीच वाढवावी.