अलेक्झांडरविरुद्धचा इ.स.पू. ३२७चा कट: कॅलिस्थेनिस खरोखर सामील होता का?

जिज्ञासू: बॅक्ट्रा (आजचे बल्ख) येथे मॅसिडोनियन सरदारांच्या मुलांनी, म्हणजे राजाच्या खाजगी सेवेतील कुमारांनी, अलेक्झांडरला झोपेत ठार मारण्याचा बेत केला होता. तो फसला कसा, आणि इतिहासकार कॅलिस्थेनिसला त्यात गोवण्यास काही पुरावा होता का?

बखरवाचक: सुरुवात शिकारीतून झाली. राजाच्या आधी या कुमारांपैकी हर्मोलाउसने रानडुकराला भाला मारला, म्हणून त्याला इतर कुमारांदेखत फटके देण्यात आले आणि त्याचा घोडाही काढून घेतला गेला. त्याने जिवलग मित्र सोस्ट्राटसला आणि आणखी काही जणांना हाताशी धरले. राजाच्या शयनगृहाचा पहारा याच मुलांकडे आळीपाळीने असे. परंतु सर्व साथीदार एकाच रात्री पहाऱ्यावर येतील अशी जुळवाजुळव करण्यात, रोमन इतिहासकार कर्टिअसच्या म्हणण्यानुसार, ३२ दिवस गेले. नेमक्या त्याच रात्री राजा पहाटेपर्यंत मद्यपानाच्या बैठकीत बसून राहिला. पाळी संपूनही ही मुले दारातच ताटकळत राहिलेली पाहून त्याने त्यांच्या निष्ठेची तारीफ केली आणि बक्षीसही दिले, असे कर्टिअस सांगतो. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत अंगावर येणारा तपशील हाच वाटतो. पुढे कटातल्याच एपिमेनीसने तोंड उघडले, बातमी त्याचा भाऊ युरिलोकसमार्फत राजाचा सेनानी टॉलेमीपर्यंत आणि तेथून राजापर्यंत पोहोचली, मुलांना पकडण्यात आले आणि त्यांना दगडांनी ठेचून मारण्यात आले.

संदर्भशोधक: कॅलिस्थेनिसविषयीचा पुरावा मला फारच तोकडा वाटतो. मुलांनीच त्याचे नाव घेतले असे मोहिमेत असलेले टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस लिहितात खरे, पण बहुतेक लेखकांचे मत तसे नव्हते, हेही नंतरचा ग्रीक इतिहासकार ॲरियन नोंदवतो. हर्मोलाउस त्याचा शिष्य होता, आणि राजापुढे पर्शियन रीतीने लोटांगण घालण्यास कॅलिस्थेनिसने उघड विरोध केला होता. राजाची खप्पामर्जी ओढवून घेण्यास एवढे पुरेसे होते. त्याच्या शेवटाबद्दल तर टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस हे दोघेही एकमेकांशी जुळत नाहीत: टॉलेमी म्हणतो, छळ करून फाशी दिली, ॲरिस्टोब्युलस म्हणतो, बेड्यांत असताना आजाराने मेला.

जिज्ञासू: मग स्वतः राजाने याविषयी काही लिहिले होते का?

संदर्भशोधक: ग्रीक चरित्रकार प्लुटार्क राजाच्या दोन पत्रांचा उल्लेख करतो, त्यांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी. घटनेनंतर लगेच क्रॅटेरस आणि इतर सेनानींना लिहिलेल्या पत्रात, छळ होत असतानाही मुलांनी हे आपलेच काम असल्याचे आणि दुसऱ्या कोणालाही त्याची माहिती नसल्याचे सांगितले, असे म्हटले आहे. नंतर मॅसिडोनियात कारभार पाहणाऱ्या अँटिपेटरला लिहिलेल्या पत्रात मात्र त्या पंडिताला, म्हणजे कॅलिस्थेनिसला, आणि त्याला पाठवणाऱ्यांना आपण स्वतः शासन करू, अशी धमकी आहे. कॅलिस्थेनिस ॲरिस्टॉटलचा नातेवाईक होता, हे लक्षात घेतले की त्या धमकीचा रोख कळतो.