संगणकाने घर नाकारलं, तर दाद कुणाकडे मागायची?

डेन्व्हरवासी
२०२१ ची गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका कृष्णवर्णीय बाईंनी भाड्याच्या घरासाठी अर्ज केला. भाडं वेळेवर देतात, असं जुन्या घरमालकांनी लिहून दिलं होतं. भाड्याचा मोठा भाग सरकारी व्हाउचरमधून येणार होता. तरी अर्ज फेटाळला, कारण भाडेकरूंची छाननी करणाऱ्या सेफरेंट कंपनीच्या सॉफ्टवेअरने दिलेले गुण कमी पडले. फेरविचार होत नाही, असंही कळवलं.

आमच्या कोलोरॅडो राज्यात याच प्रकाराला आळा घालणारा कायदा झाला. गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी १७ मे २०२४ रोजी त्यावर सही केली. नोकरी, घर, कर्ज, विमा, शिक्षण, उपचार यांचा निर्णय एआयच्या आधारे घेणार असाल तर आधी सांगा. नकार दिलात तर कारण द्या, चुकीची माहिती दुरुस्त करू द्या, आणि शक्य असेल तिथे माणसाकडे अपील करू द्या. यात जाचक काय आहे? तरी ऑगस्ट २०२५ मध्ये अंमलबजावणी फेब्रुवारी २०२६ वरून ३० जून २०२६ वर ढकलली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

कोथरूडचा कोडर
आमची बारा जणांची कंपनी आहे. नोकरीचे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर बनवतो, गिऱ्हाइकं अमेरिकेतही आहेत. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्यांना २०२४ च्या या कायद्यात काही सवलती आहेत, पण त्या एआय वापरणाऱ्यांना. बनवणारा कितीही लहान असो, त्याला सूट नाही. भेदभाव टाळायला ‘वाजवी काळजी’ घ्या म्हणतात. वाजवी म्हणजे नेमकी किती? दंड एका उल्लंघनाला वीस हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. मोठ्या कंपन्या वकिलांची फौज ठेवतील, आम्ही काय करायचं?

शिवाय खुद्द गव्हर्नर पोलिस यांनीच सही करताना आक्षेप नोंदवला होता: हेतू न बघता फक्त परिणामावरून भेदभाव ठरवला जातोय.

वकीलकाकू
हेतूचा मुद्दा नवा नाही. १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. त्या कंपनीने चांगल्या जागांसाठी हायस्कूल पासची आणि चाचण्यांची अट घातली होती. कामाशी तिचा संबंध दाखवता आला नाही, आणि कृष्णवर्णीय कामगार मात्र गळत होते. मनात वाईट नव्हतं, हा बचाव चालला नाही. माणसाने लावलेल्या चाळणीला जो नियम, तो यंत्राच्या चाळणीला का नको?

मध्यममार्गी
काकू, मग जुने कायदे पुरेसे आहेत असंच झालं की! त्या बाईंचा सेफरेंटवरचा दावाही जुन्या कायद्यांखालीच लढला गेला. २०२४ मध्ये वीस लाख डॉलरहून जास्त रकमेवर तडजोड झाली.

वकीलकाकू
तीन वर्षांनी झाली. तीही त्या बाईंना नकारामागे एक आकडा आहे हे कळलं म्हणून. ज्यांना ते कळतच नाही, ते कोर्टात काय घेऊन जाणार? माझी तक्रार उलटी आहे: २०२४ चा हा कायदा तोकडा आहे. कारवाई फक्त राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, करू शकतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नाही.

कोथरूडचा कोडर
कारण सांगायला माझा विरोध नाही, हे मनापासून सांगतो. अडचण अशी की आमचं सॉफ्टवेअर आज प्रत्येक अर्जाला नुसता आकडा देतं. तो आकडा का आला हे मलाही धड सांगता येणार नाही. ते बदलायला सहा महिने तरी लागतील. मुदतवाढ मला त्यासाठी हवी होती.

डेन्व्हरवासी
हे मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पण या सहा महिन्यांत त्याच आकड्यावरून ज्यांचे अर्ज बाद होतील, त्यांना काय कळवता?

कोथरूडचा कोडर
आम्ही काहीच कळवत नाही. ते गिऱ्हाइकाचं काम. गिऱ्हाईक काय कळवतं, हे मी कधी विचारलेलं नाही. सोमवारी विचारतो.